झाकणीवरची तीन बोटं

आत्याबाई, काल दुपारी मी सुनेच्या थोबाडीत मारली. सहावा महिना आहे तिला. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, म्हणून आधी हेच लिहून टाकलं. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी भांडले नाही असा आठवडा गेला नसेल, पण कागद घेऊन बसायची ही पहिलीच वेळ. तुम्हाला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी सुनेनं लिहिलेला कागद तुम्ही चुलीत घातला असता आणि वर म्हणाला असतात, "लई शिकलीस की गं." खरं सांगते, शिव्या द्यायलाच मी हे लिहायला घेतलं. माझ्या हाताला मारायचं वळण तुमच्या घरात लागलं, असं तुम्हाला ठणकावून सांगायचं होतं. बघू कुठवर जमतं ते.

मारायचं कारण ऐकलंत तर हसाल. तिनं आंबील प्यायली नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पोरीचं पोट धरलंय. चार चार दिवस साफ होत नाही, छातीत जळजळ, पोट तट्ट फुगलेलं, धड बसवत नाही की झोपवत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळ्या बंद करायच्या नाहीत, पाणी भरपूर प्यायचं, पालेभाजी खायची, आणि रोज ताजं दही, ताक, सोसत असेल तर घरची आंबील. झालं. मला तर चेव चढला. आदल्या संध्याकाळी ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी आंबूस वास सुटला की पाण्यात शिजवायचं, वरून मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. सकाळी एक पेला, दुपारी एक, दिवेलागणीला एक, आणि ती पिऊन संपवेपर्यंत मी समोर उभी. दोन दिवस तिनं नाक दाबून प्यायली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मम्मी, ह्या वासानं मळमळतंय ओ. मी दुकानातलं दही आणलंय डबीतलं, ते खाते की." मी ती डबी तिच्यादेखत कचऱ्यात टाकली. काल तिनं पेला हातानं बाजूला सारला आणि म्हणाली, "साकु, मम्मी. साकु." दुधनीची आहे ती, तुमच्याच गावची, पुरे म्हणायचं झालं की तोंडात कानडीच येतं. पेला कलंडला, फरशीभर आंबील झाली, आणि माझा हात उठला.

ती रडली नाही. दुसऱ्यांदा उठलेला हात तिनं मनगटाला धरला. "परत न्हाय, मम्मी. परत हात लावलात तर आजच दुधनीची गाडी धरते. मग लेकराचं तोंड बघायला मिळंल का न्हाय, ते मी ठरवीन." एवढं बोलून तेवढं पोट घेऊन ती खाली बसली आणि फडक्यानं फरशी पुसायला लागली. मी ओट्याला टेकून नुसती बघत राहिले. सगळीकडं तो आंबट वास पसरला होता आणि मला आत्ताची फरशी दिसतच नव्हती, तुमची शेणानं सारवलेली जमीन दिसत होती.

आणि मी कोण, तर अंगणवाडीची बाई. तुम्ही गेल्यानंतर लागले त्या कामाला. अठरा वर्षं मी गरोदर बायकांना ओळीनं बसवून सांगते, पोटात वाईट जंतू असतात तसे चांगलेही असतात, विरजणातले जंतू आतड्याच्या उपयोगी पडतात, दूध नीट उकळून घ्या, भांडं स्वच्छ ठेवा, ताजं ताक प्या. बायका तोंडाला पदर लावून हसतात. "बाई, जंतू प्यायचे व्हय?" एखादी म्हणते, "आमची सासू ताकाचं नावच काढू देत न्हाय. लेकराला कफ हुतोय म्हनं." मग मी तिच्या सासूच्या घरी जाते आणि भांडते. एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत मी ताकावरून झाडलं नाही अशी सासू शोधून सापडायची नाही. प्रत्येक घरात मला तुम्हीच बसलेल्या दिसता, म्हणून माझा आवाज जास्तच चढतो.

तुमचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची एक खोली, कोपऱ्यात चूल, आढ्याला टांगलेलं शिंकं आणि शिंक्यात दह्याचं गाडगं. मी होटगीची, रेल्वेच्या गँगमनची पोर. घरी म्हैस होती, दही मागून खायचं असतं हे मला लग्नापर्यंत ठाऊक नव्हतं. तुमच्याकडं दही फक्त तुमच्या लेकाचं. तो दिवसभर मागावर टॉवेल विणतो, कापसाचं तूस गिळतो, त्याला कडक भाकरीवर दह्याचा गोळा पाहिजे. मला पाचवा महिना लागला तसं तुम्ही माझं दही-ताक साफ तोडलंत. थंड असतं, म्हणालात, पोटातल्या पोराच्या छातीत कफ भरतो. बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलंही असतं. पण तुमचा सुनेवर विश्वास कुठला? रोज सकाळी अंघोळ करून कपाळाला विभूती लावली की त्याच ओल्या तीन बोटांनी तुम्ही गाडग्याच्या झाकणीवर तीन पट्टे ओढायचात. नाव देवाचं आणि काम पोलिसाचं. कुणाचा हात लागला की पट्टे पुसणार आणि चोर सापडणार.

तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. चैत्राचं ऊन आहे. पत्रा असा तापलाय की खोलीत उभं राहवत नाही. माझं पोट पाच दिवस हललेलं नाही. भाकरीचा घास घशाखाली उतरला की जळत वर येतो. तुम्ही शेजारी हळद कांडायला गेल्या आहात. मी ज्वारीच्या डब्यावर चढते, झाकणी काढते आणि हातानंच दही खाते, एक मूठ, दुसरी मूठ, मग तिसरी. आत्याबाई, ते पोटात उतरत गेलं ना, ते मला अजून जिभेवर आठवतं. भूक नव्हती ती. आत आग लागली होती. पोटभर खाऊन झाल्यावर बघते तर झाकणीवरचे पट्टे फिसकटलेले.

आता खरी अक्कल बघा माझी. विभूतीची गोळी देव्हाऱ्यात होती, हात लांबवला की मिळाली असती. पण नळाला तीन दिवस पाणी आलं नव्हतं, साठवलेलं तुमच्या अंघोळीपुरतंच होतं, आणि माझी अंघोळ झाली नव्हती. दही चोरताना मला काही वाटलं नाही, पण पारोशा हातानं देवाच्या विभूतीला शिवायची छाती झाली नाही. म्हणून मी चुलीतली राख घेतली, पाण्यात कालवली आणि तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. चांगले सरळ ओढले. मनात म्हटलंसुद्धा, बघ म्हातारे, आता ओळख. विभूती पांढरीफेक असते आणि चुलीची राख काळपट, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही.

तुम्ही आलात, गाडगं खाली घेतलंत, झाकणी उजेडात धरलीत, मग नाकाशी नेलीत. दही गेल्याचा राग तुमच्या तोंडावर आधी दिसला नाही, तो मागून आला. "शिवाच्या जागी चुलीची राख लावलीस व्हय गं, रांडं?" रवी भिंतीला टेकवलेली होती. पहिला फटका पाठीत, दुसरा दंडावर. तिसरा मी हातानं अडवला तेव्हा करंगळीचं हाड मोडलं. ते बोट अजून वाकडं आहे, अंगणवाडीत पाटीवर लिहिताना पोरं त्याची नक्कल करतात. "खा, अजून खा! पोटातलं मेलं तर माझ्या लेकाला काय सांगू?" असं ओरडत ओरडत तुम्ही चौथा फटका त्याच पोटाच्या दिशेनं आणलात. तुम्ही म्हणायचात, पोटावर नव्हता, कमरेवर होता. मी पाहिला तो मी पाहिला. मी रवी धरली, हिसकावली आणि दोन्ही हातांनी तुम्हाला ढकललं. सगळा जोर लावून ढकललं. तुम्ही पायाशी ठेवलेल्या गाडग्यासकट उंबऱ्यावर पडलात. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज तुरकाठी मोडल्यासारखा आला. दही जमिनीवर, तुमच्या केसांत, माझ्या पायांवर.

आणि रवी माझ्या हातात होती. उगारलेली. हे तुम्हाला आणि मलाच माहीत. तुम्ही खाली पडून कण्हत होतात आणि मी रवी उगारून उभी होते, आणि मी मारणार होते, डोक्यातच मारणार होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटी वाजली. तुमच्या लेकाची पाळी सुटली होती. घंटी तुम्हीही ऐकलीत. माझ्याकडं बघितलंत आणि दातओठ खात हळू बोललात, "टाक ती रवी. मसरावर पाय घसरला म्हनायचं. मीच घसरले. कळलं का?" दह्याला तुम्ही जन्मभर मसरुच म्हणालात. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणालात, "त्वांड बंद कर. खरं कळलं तर हितंच गाडंल तुला. पोटात माझं नातवंड हाय."

तो आत आला. केसांत पांढरं तूस, हातात रिकामा डबा. आई जमिनीवर पडलेली, बायको भिंतीला चिकटलेली, आणि त्यानं पहिला सवाल काय करावा? "दही कुणी सांडलं?" उत्तर येईपर्यंत त्याची लाथ माझ्या मांडीवर बसली होती. त्याची रीतच ती, आधी मारायचं आणि मग विचारायचं. दुसरी लाथ उचलली तोच तुम्ही खालून ओरडलात, "साकु!" वाड्यावस्तीवर ऐकू जावं असं ओरडलात. "साकु म्हनते ना! मीच घसरले. मला उचल आदी." तो थांबला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि त्या घरात त्याला कुणी थांबवलेलं मी पहिल्यांदा बघत होते. का थांबवलंत, माझ्यासाठी की नातवासाठी, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही शिवीच दिली असती.

पुढचे तीन महिने तुम्ही चुलीजवळच्या बाजेवर. सरकारी दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी नवीन गाडगं मागवलंत, आणि पडल्या पडल्या त्याच्या झाकणीवर तीन पट्टे ओढलेत. म्हटलं, खोड जायची नाही म्हातारीची. पण शिंक्यावरून गाडगं काढायला आता माझाच हात लागत होता. मी तुमच्यासमोर झाकणी उघडायची, तुमच्यासमोर दही खायची, आणि तुम्ही नुसत्या बघायच्या. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ते हे असं. पडून पडून तुमचं पोट बांधलं गेलं. पोट दाबून धरून कण्हायचात. एकदा विचारलंत, "डाक्टर ताक घ्या म्हनला का गं?" मी म्हटलं, "नको म्हणालेत. हाडाला थंड बरं न्हाय." तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. पुन्हा विचारलं नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी म्हणालात, "झाकणी आन. ओलं फडकंबी आन." मला वाटलं आता नवे पट्टे ओढणार. तुम्ही ओल्या फडक्यानं जुने पट्टे पुसलेत, घासून पुसलेत, अगदी माती उघडी पडेपर्यंत. मग विभूती मागितलीत, तीन बोटं ओली केलीत, माझ्या पोटावरचं लुगडं बाजूला सारलंत आणि त्या ताठलेल्या पोटावर तीन पट्टे ओढलेत. तुमची बोटं गार होती. "आता राखन हितली. गाडग्याची न्हाय. पाहिजे तेवडं खा." एवढंच बोललात. मला रडू आलं आणि तुमचा रागही आला, दोन्ही एकदम. त्या दुपारपासून मी तुम्हालाही ताक द्यायला लागले. डॉक्टरांना विचारून आले, आता चालतं म्हणाले, असं सांगितलं. पहिला पेला तुम्ही एका दमात प्यायलात आणि पेल्याच्या तळाशी राहिलेलं बोटानं पुसून चाटलंत. पुढं चार वर्षं जगलात, लंगडत, काठी टेकत, त्या पोटातल्या नातवाला मांडीवर घेऊन ताकभात भरवत. गल्लीत जो तो विचारायचा आणि तुम्ही सांगायचात, मसरावर पाय घसरला.

तो नातू आता एमआयडीसीतच टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचा बाप जाऊनही सात वर्षं झाली. पोरगा बापावर गेला नाही, एवढं एक सुख. काल संध्याकाळी तो आला, हेल्मेट काढायच्या आधीच बायकोचा गाल बघितला. "हे काय झालं गं?" ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "फ्रीजचं दार लागलं." मी तव्यावर भाकरी टाकत होते. भाकरी जळाली तरी मला कळलं नाही.

एक क्षण मला बरं वाटलं, आत्याबाई. सुटले, असं वाटलं. मग लाज वाटली. तुम्ही खोटं बोललात तेव्हा मी उंबऱ्यापाशी मरायची वाचले. ही पोरगी खोटं बोलत होती ते कुणाला वाचवायला? माझा लेक काही मला लाथ मारणार नव्हता. तुमच्या खोट्यानं मार खाणारी वाचली होती. तिच्या खोट्यानं मारणारी वाचत होती, आणि ती मारणारी मी. तवा खाली उतरवला आणि म्हटलं, "फ्रीज न्हाय. मी मारलं तिला."

त्यानं हेल्मेट हळूच खाली ठेवलं. मग विचारलं, "पप्पासारखं?"

मी म्हटलं, "व्हय."

त्यानं लगेच बायकोला बॅग भरायला सांगितलं, सकाळी दुधनीला सोडतो म्हणाला. ती म्हणाली, "कधी जायचं ते मी सांगीन. तुमी मायलेकरांनी ठरवायचं न्हाय." बॅग भरून तिनं दाराशी ठेवली आहे. ती अजून तिथंच आहे. आज अंगणवाडीतून येताना मी दुकानातून त्याच दह्याच्या चार डब्या आणल्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. तिच्यासमोर उभी राहिले नाही. काल मारलं ते चुकलं एवढं दारातूनच म्हटलं आणि इथं येऊन बसले. तिनं मान हलवली, पण हो म्हणून हलवली की नुसतीच, ते मला कळलं नाही. आतून चमचा वाजल्याचा आवाज येतोय का म्हणून मघापासून कान तिकडं लावून बसले आहे. ती राहील की जाईल, मला ठाऊक नाही. गेली तर तिचं चुकणार नाही.

शिव्या द्यायला बसले होते. कागद संपत आला आणि शिव्या तुमच्या वाटणीला फारशा आल्याच नाहीत. हे कुठं धाडायचं नाही. घडी करून तुमच्या त्या जुन्या गाडग्याखाली ठेवीन, आता झाकणीला कुणी हात लावला तरी चालतं. मारायचं वळण तुम्ही लावलंत, असं म्हणणं फार सोपं होतं. तुमच्या घरात मी हातानं जे केलं ते तुम्ही बघितलंत आणि झाकलंतही. पण एक गोष्ट मी हात न लावता केली आणि ती तुम्ही विचारूनही मी सांगितली नाही. डॉक्टर ताक घ्या म्हणाला का, असं विचारलं होतंत. म्हणाला होता, आत्याबाई. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, रोज दोन पेले द्या म्हणून. आठ दिवस तुमच्या वाटणीचे ते पेले मी तुमच्यासमोर प्यायले.